डायलिसिसची भीती नंतर, आधी बाबांचा डावा हात सांभाळा

वाचकाचं पत्र:

डॉक्टर, बाबांचं वय 58. साखर पंधरा वर्षांपासून, बीपी नंतर सुरू झालं. आंबा-काजूची छोटी बाग आहे, अजून रोज बागेत जातात. गेल्या महिन्यात रक्तातलं क्रिएटिनिन 6.8 आलं आणि ईजीएफआर, म्हणजे किडनी किती काम करते ते दाखवणारा आकडा, 9. हातावर फिस्टुला (डायलिसिसच्या सुईसाठी शीर तयार करायचं छोटं ऑपरेशन) करून घ्या, डायलिसिसची तयारी ठेवा, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. बाबा ऐकायला तयार नाहीत. ‘लघवी व्यवस्थित होते, मग किडनी गेली कशी?’ म्हणतात. वाडीत सगळे सांगतात की एकदा मशीन लागली की सुटत नाही. शेजारच्या एका मुलाचं डायलिसिस मात्र गावठी औषधानं सुटलं, तेच बाबांना सुरू करू या, असं काका म्हणतात. मी माझी किडनी द्यायला तयार आहे म्हटलं, तर तेव्हापासून बाबा माझ्याशी धड बोलत नाहीत. काय करू?
— एक वाचक, सिंधुदुर्ग

ताई,

बाबांच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते. प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्यांना त्याचं उत्तर कुणी नीट दिलेलं दिसत नाही.

लघवी किती होते यावरून किडनीचं काम मोजता येत नाही. त्या लघवीबरोबर शरीरातला कचरा किती बाहेर पडतो, हे महत्त्वाचं. धडधाकट माणसाच्या दोन किडन्या मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात, त्यातला जवळजवळ सगळा रक्तात परत घेतात आणि दीड-दोन लिटर तेवढा लघवी म्हणून सोडून देतात. मधुमेह आणि बीपी वर्षानुवर्षं या बारीक गाळण्या निकामी करत नेतात. ईजीएफआर 9 म्हणजे ढोबळमानानं दहावा हिस्सा काम उरलंय. पाणी अजून बाहेर पडतंय, पण युरिया, पोटॅशियम, आम्ल रक्तात साठत चाललंय. यात काही दुखत नाही, म्हणूनच बाबा बागेत जाऊ शकतात. त्यांना एकदा शांतपणे विचारा: सकाळी दात घासताना मळमळतं का? मासळीचा वास नकोसा झालाय का? अंगाला खाज सुटते का, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात का? यातलं काहीतरी होत असेल आणि ते तुम्हाला सांगत नसतील, असा माझा अंदाज आहे.

आता शेजारच्या मुलाबद्दल. त्याचे कागद मी पाहिलेले नाहीत, पण त्याच्या घरी दोनच गोष्टी विचारा: आजारी पडण्याआधी त्याची किडनी चांगली होती का, आणि सगळं किती दिवसांत घडलं? तुमच्या भागात भातलावणीच्या दिवसांत लेप्टोचा ताप येतो, फुरसं (विषारी साप) चावतं, जुलाब-उलट्यांनी माणसाच्या अंगातलं पाणी जातं. या सगळ्यांत चांगली किडनी एकाएकी बंद पडू शकते. लघवी थांबते, डायलिसिस करावं लागतं. पण इथे गाळण्या कायमच्या गेलेल्या नसतात. मूळ आजार आटोक्यात आला की काही आठवड्यांत पुष्कळांच्या किडन्या पुन्हा कामाला लागतात आणि डायलिसिस थांबतं. त्याच आठवड्यांत घरी काढा चालू असला की श्रेय काढ्याला जातं. त्या मुलाला खरं तर डायलिसिसनंच किडनी सावरेपर्यंत जगवलं असणार.

बाबांचा आजार वेगळा आहे. पंधरा वर्षांत जे हळूहळू गेलं ते परत येत नाही. डायलिसिस सुटत नाही ते किडनी परत येत नाही म्हणून. एक गोष्ट मात्र लपवत नाही: डायलिसिस सुरू झाल्यावर उरलीसुरली लघवी महिन्या-दोन महिन्यांत किंवा वर्षभरात कमी होत जाते. काही अंशी तो आजाराचा पुढचा टप्पा असतो आणि काही अंशी मशीनवर बीपी वरचेवर पडल्याचा परिणाम. लोक हे डोळ्यांनी पाहतात आणि मशीननंच किडनी घालवली असं धरून चालतात. म्हणून पाणी हळूहळू काढणं, बीपी पडू न देणं याकडे चांगलं युनिट लक्ष देतं.

गावठी औषधाला माझा विरोध हट्टापोटी नाही. त्या पुडीत काय आहे हे देणारा सांगत नाही, ही पहिली अडचण. ईश्वरी किंवा सापसंद म्हणतात त्या वेलीत जे आम्ल असतं, ते किडनीला थेट मारतं. 1990 नंतरच्या काही वर्षांत ब्रुसेल्समध्ये वजन कमी करण्यासाठी याच कुळातल्या वनस्पतीची मिसळ असलेलं औषध घेऊन कितीतरी बायकांच्या किडन्या गेल्या. काही भस्मांत पारा आणि शिसं सापडतं. आणि साधा, निर्धोक वाटणारा पानांचा काढासुद्धा बाबांच्या रक्तात पोटॅशियम वाढवतो. दहावा हिस्सा उरलेल्या किडनीवर हा प्रयोग करायची उसंत आपल्याकडे नाही. त्याच न्यायानं गुडघेदुखीची गोळीही: डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन मेडिकलमधून परस्पर आणून देऊ नका.

मशीन नेमकं काय करते, ते बाबांना त्यांच्याच स्वयंपाकघरातून समजावता येईल. खारा बांगडा पाण्यात भिजत घातला की मीठ पाण्यात उतरतं आणि बांगडा तसाच राहतो. पाणी बदललं की आणखी उतरतं. डायलिसिस हेच करतं. हातातून रक्त मिनिटाला 250 ते 300 मिलिलिटर या वेगानं एका फूटभर पारदर्शक नळकांड्यात जातं. त्यात केसासारख्या बारीक हजारो पोकळ नळ्या असतात. नळ्यांच्या आतून रक्त वाहतं, बाहेरून उलट्या दिशेनं डायलिसिसचं द्रावण. युरिया, पोटॅशियम नळीच्या भिंतीतून द्रावणात उतरतात. रक्तपेशी आणि प्रथिनं आकारानं मोठी, ती आतच राहतात. द्रावण मिनिटाला साधारण 500 मिलिलिटर, म्हणजे चार तासांत 120 लिटर लागतं, आणि सतत ताजं येत राहतं. म्हणून डायलिसिस युनिटमध्ये मशीनइतकंच महत्त्व त्यामागच्या, पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ प्लांटला असतं. साठलेलं जादा पाणी मशीन दाब देऊन वेगळं काढते. सगळं रक्त एकदम बाहेर काढून धुतात असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात एका वेळी पाव लिटरच्या आसपास रक्त बाहेर असतं आणि ते सतत परत जात असतं.

सुरुवातीचे एक-दोन डायलिसिस मुद्दाम कमी वेळाचे, दोनेक तासांचे ठेवतात, म्हणजे मेंदूला झटका बसत नाही. नंतर चार-चार तास, आठवड्यातून तीनदा. आपल्याकडे दोनदावर भागवणारे खूप आहेत. लघवी अजून चांगली होत असेल तर सुरुवातीला ते डॉक्टर चालवूनही घेतात, पण एरवी तीनदाच बरं. आठवड्याचे 168 तास जे काम किडनी करते, ते मशीन बारा तासांत करायला बघते. ते पूर्ण होणार नाही, आणि सगळं होणारही नाही. रक्त वाढवणारं एरिथ्रोपॉइटिन किडनी बनवते, ड जीवनसत्त्व कामाला लावते. ते मशीनला जमत नाही, म्हणून इंजेक्शनं आणि गोळ्या चालूच राहतात. उलट इन्सुलिन घेत असतील तर ते कमी करावं लागतं, कारण किडनी गेल्यावर इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं आणि साखर एकदम खाली येते.

हे सगळं नंतर आहे. आत्ता, या आठवड्यात, बाबांच्या डाव्या हाताकडे बघा.

नेदरलँड्समध्ये डॉ. विलेम कोल्फ यांनी 1943 साली, युद्ध चालू असताना, सॉसेजच्या आवरणासाठी वापरत तो सेलोफेन लाकडी पिंपाला गुंडाळून पहिलं उपयोगी डायलिसिस मशीन बनवलं. पहिले बहुतेक रुग्ण दगावले. 1945 मध्ये 67 वर्षांची एक बाई त्यातून वाचली आणि पुढे काही वर्षं जगली. तरीही कायमच्या किडनी विकारात पुढची पंधरा वर्षं डायलिसिसचा उपयोग होत नव्हता, कारण दर वेळी एक नवी शीर वापरायची आणि ती बाद व्हायची. शिरा संपल्या की उपचार संपला. 1960 साली सिएटलच्या डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायम ठेवता येईल अशी टेफ्लॉनची नळी वापरली. त्यांचे पहिले रुग्ण क्लाइड शील्ड्स त्यानंतर अकरा वर्षं जगले. मग 1966 मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी फिस्टुला पुढे आणला, तो आजतागायत सगळ्यात चांगला मार्ग आहे. म्हणजे या उपचाराचं घोडं अडलं होतं ते शिरेपाशी, आणि माझ्या समोर येणाऱ्या पुष्कळ रुग्णांचं आजही तिथेच अडतं.

फिस्टुला म्हणजे मनगटाजवळ किंवा कोपराजवळ धमनी आणि शीर एकमेकींना जोडणं. भूल फक्त हाताला देतात. धमनीचा जोर शिरेत आला की शीर फुगते, जाड होते, वारंवार सुई सोसू शकते. पण त्याला सहा ते आठ आठवडे तरी लागतात, मधुमेह्यांच्या शिरांना कधी जास्तही, आणि क्वचित पहिला फिस्टुला चालतच नाही. म्हणून डॉक्टर आत्ताच म्हणताहेत. फिस्टुला केला म्हणजे उद्यापासून डायलिसिस, असं नव्हे. वाट बघत बसलात तर एका रात्री दम लागून बाबांना न्यावं लागेल, मानेत कॅथेटर घालावा लागेल, आणि त्या नळीतून थेट रक्तात जंतू जायचा धोका रोज राहील. कॅथेटरवर सुरुवात झालेले रुग्ण आणि फिस्टुलावर सुरुवात झालेले रुग्ण यांच्या पुढच्या प्रवासात फार फरक पडतो. हे मी कळकळीनं सांगते.

बाबा उजव्या हातानं काम करत असतील तर डावा हात आजपासून राखून ठेवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात तापासाठी सलाइन लावायची वेळ आली तरी ‘या हाताला सुई नको, फिस्टुला करायचाय’ असं स्पष्ट सांगा. सिस्टर ऐकतात, फक्त सांगावं लागतं. रक्त तपासायला उजव्या पंजाच्या मागची शीर द्या. फिस्टुला झाला की त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, घट्ट घड्याळ नाही, त्या कुशीवर झोपणं नाही, डोक्यावरचा भारा त्या हातानं पेलणं नाही. रबरी चेंडू दाबायचा व्यायाम डॉक्टर सांगतील तेव्हापासून. आणि रोज सकाळी बोटं ठेवून बघायचं: आत थरथर लागते. ती थरथर थांबली तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. लवकर गेलं तर अडकलेली गुठळी काढता येते.

मग सुरुवात कधी? क्रिएटिनिनचा आकडा पाहून नव्हे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या 828 रुग्णांवरचा एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. लवकर डायलिसिस सुरू केलेले आणि लक्षणं येईपर्यंत थांबलेले, यांच्या आयुर्मानात फरक दिसला नाही. अट एवढीच की थांबलेल्यांवर नीट लक्ष होतं. तेव्हा बाबांना हे सांगा की फिस्टुला तयार ठेवून, दर दोन-तीन आठवड्यांनी तपासत, आणखी काही महिने मशीनशिवाय निघूही शकतात. हे ऐकून पुष्कळ रुग्णांचा अर्धा विरोध गळून पडतो.

तुमच्या गावापासून सेंटर लांब असेल, पावसाळ्यात रस्ता बंद होत असेल, तर पोटाच्या डायलिसिसबद्दलही विचारा. पोटात एक मऊ नळी बसवतात. घरीच दोन लिटरची पिशवी पोटात सोडायची, काही तासांनी काढून नवी सोडायची, दिवसातून तीन-चारदा. त्यात सुया नाहीत, आठवड्याच्या फेऱ्या नाहीत, खाण्यापिण्याची बंधनंही थोडी सैल. पण हात धुण्याची शिस्त कडक लागते. बाहेर आलेलं पाणी गढूळ दिसलं तर पोटात जंतू गेलेत असं समजून लगेच फोन करायचा. डॉक्टर हा पर्याय आपणहून मांडतीलच असं नाही, तुम्ही विचारा.

खाण्याबद्दल लोक सगळ्यात जास्त गोंधळ घालतात. डायलिसिसआधी प्रथिनं बेतानं खायला सांगतात. सुरू झाल्यावर नेमकं उलट होतं: मशीनमधून प्रथिनांचे घटक वाहून जातात, म्हणून अंड्याचा पांढरा भाग, मासे, चिकन नेमानं खायचं असतं. जुनंच पथ्य पाळत राहिलेले रुग्ण वर्षभरात वाळून जातात, ते पाहून फार वाईट वाटतं. मासे चालतील, पण ताजे. सुकी आणि खारवलेली मासळी, लोणचं, पापड बंद. मीठ कमी केलं की तहान आपोआप कमी होते. बीपीवाल्यांसाठी म्हणून मिळणारं कमी सोडियमचं मीठ घरात आणूही नका, त्यात पोटॅशियम भरलेलं असतं. शहाळ्याचं पाणी, केळी, मोसंबीचा रस, टोमॅटोचं सार हे आजाऱ्याला मुद्दाम आणून देतात, आणि बाबांना नेमकं तेच धोक्याचं. बटाटा, पालेभाजी चिरून भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी टाकून मग करा.

कोकणातल्या माणसाला एक खास सांगते: करंबळ. पाच धारांचं ते आंबट फळ, आडवं कापलं की चांदणी दिसते. किडनी गेलेल्या माणसानं ते एखादं खाल्लं तरी न थांबणारी उचकी, भ्रम, फिट आणि मृत्यूपर्यंत मजल जाऊ शकते. ते विष बाहेर टाकायला किडनी लागते. आमटीत नको, लोणच्यात नको, तोंडी लावायलाही नको.

डायलिसिस सुरू झाल्यावर पाणी मोजून प्यायचं: आदल्या दिवशी जेवढी लघवी झाली तेवढं आणि वर साधारण अर्धा लिटर. पेज, सोलकढी, आमटी, चहा हे सगळं त्याच मापात येतं. डायलिसिसआधी आणि नंतर वजन करतात, कारण दोन दिवसांत वाढलेला एक किलो म्हणजे साठलेलं एक लिटर पाणी. वजन दोन-अडीच किलोंच्या वर वाढलं की ते काढताना बीपी पडतं, गोळे येतात. दोन डायलिसिसमधला मोठा खंड हृदयाला सगळ्यात जड जातो, तेव्हा गणपतीत पाहुणे आले, लग्न निघालं म्हणून पाळी चुकवायची नाही. चतुर्थीच्या दिवशी सेंटर बंद असेल तर आदला दिवस आधीच मागून घ्या. गावाहून मुंबईला जायचं झालं तर तिथल्या सेंटरला रिपोर्ट पाठवून पाळी ठरवता येते. मशीन नसलेल्या दिवशी बाबा बागेत जाऊ शकतात. कितीतरी रुग्ण असंच काम करतात.

खर्चाचं पत्रात लिहिलं नाहीत, पण काळजी असणारच. 2016 पासून केंद्राच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांत दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णांना मोफत डायलिसिस मिळतं. आता अनेक उपजिल्हा रुग्णालयांतही सोय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस, फिस्टुला बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा. एसटीत डायलिसिस रुग्णांसाठी प्रवास सवलत आहे, कोणते कागद लागतात ते आगारात विचारून घ्या. आणि हिपॅटायटिस बीची लस आत्ताच सुरू करा. किडनीच्या रुग्णाला तिचे डोस जास्त लागतात आणि परिणाम यायला महिने जातात.

आता तुमची किडनी. योग्य माणसाला प्रत्यारोपण डायलिसिसपेक्षा चांगलं आयुष्य देतं, यात शंका नाही, आणि ते डायलिसिस सुरू होण्याआधीही करता येतं. 1994 च्या कायद्यानं जोडीदार, आईवडील, मुलं, भावंडं देऊ शकतात. 2011 च्या दुरुस्तीनं आजी-आजोबा आणि नातवंडंही आली. म्हणजे तुम्ही एकट्याच नाही. आई आहे, काका आहेत. काकांना पुडीऐवजी रक्तगटाबद्दल विचारा. वडिलांना मधुमेह असल्यानं तुमचीही तपासणी बारकाईनं होईल, आणि पुढे तुम्हाला साखर होण्याचा धोका दिसला तर डॉक्टर स्वतःच तुम्हाला नको म्हणतील. नात्यात कुणी जुळलं नाही तर मेंदूमृत दात्याच्या यादीत नाव घालायचं. त्याची केंद्रं मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत, नोंदणी प्रत्यारोपण करणाऱ्या हॉस्पिटलमार्फत होते. तोवर रक्त कमी झालं म्हणून सहज रक्ताची बाटली चढवू देऊ नका. दुसऱ्याचं रक्त घेतल्यानं पुढे किडनी जुळणं अवघड होतं. इंजेक्शन आणि आयर्ननं भागतंय का, ते आधी विचारा.

बाबा तुमच्याशी बोलत नाहीत ते रागानं नसावं. लेकीच्या अंगावर सुरी चालवून आपण जगायचं, हे बापाला सहन होत नाही. म्हणून किडनीचा विषय काही दिवस काढूच नका. त्यांना घेऊन जवळच्या डायलिसिस युनिटमध्ये जा, सकाळच्या पाळीला. सिस्टरना आधी विचारून, तीन-चार वर्षं डायलिसिसवर असलेल्या एखाद्या शेतकऱ्याच्या शेजारी बाबांना बसवा आणि तुम्ही बाहेर थांबा. ते जे विचारतील ते तुमच्यासमोर विचारणार नाहीत. इतकं पाहून, समजून घेऊनही ते नको म्हणाले तर तो त्यांचा हक्क आहे. दम, खाज, मळमळ यांवर औषधं देऊन सांभाळणारा मार्गही असतो, आणि तोही नीट करता येतो. पण 58 व्या वर्षी, बागेत स्वतःच्या पायानं जाणाऱ्या माणसानं वाडीतल्या ऐकीव गोष्टींवर हे ठरवू नये. तीन महिने करून बघू, नको वाटलं तर थांबू, असंही ठरवता येतं. सुरू केलं म्हणजे थांबवायची मुभा गेली, असं कुणी त्यांना सांगितलं असेल तर ते चूक आहे.

फिस्टुला तयार होईपर्यंतच्या काळात या गोष्टींवर नजर ठेवा: आडवं झालं की दम लागून उठून बसावं लागणं, पाय एकाएकी गळून जाणं, नाडी मंद लागणं, छातीत दुखणं, उलट्या न थांबणं, झोपाळूपणा किंवा असंबद्ध बोलणं. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. 108 ला फोन करा, ताजे रिपोर्ट आणि गोळ्यांची पिशवी बरोबर घ्या आणि जिथे डायलिसिसची सोय आहे अशाच हॉस्पिटलात न्यायला सांगा. तेव्हा मानेतून कॅथेटर घालावा लागला तर घालू द्या.